मालगुजारणीचं कुलूप

मी उठले की धोंडबा बाक पुसायचा.

पितळेच्या तांब्यात बुडवलेलं ओलं फडकं. आधी बसायची फळी. मग पाठीची फळी. मग खिडकीचा गज, कारण तो धरून मी बाहेर बघत असे. धोंडबा मालगुजारांचा, म्हणजे गावच्या जमीनदारांचा गडी. मुकाट्यानं पुसायचा, माझ्याकडे न बघता. मी आगगाडीच्या डब्याच्या दारात थांबून वळून पाहायची. पाणी लागलं की लाकूड काळंभोर दिसायचं. मग मालगुजारीणबाई चढायच्या, लुगडं सावरायच्या आणि त्या ओल्या फळीवर बसायच्या. अख्ख्या बाकावर एकट्या. बाकी डब्यात माणसावर माणूस उभं.

आणि मी काय समजत होते, सांगू? माझ्या झग्याची धूळ लागते म्हणून पुसतात. घरी येऊन मी मायला म्हटलंसुद्धा, "माय, सोमवारच्या आंधी माहा झगा धूत जा ना वं. बाईसायबाच्या बाकाले माती लागते."

मायनं झगा धुतला.

आज त्या पोरीची आठवण झाली की वाटतं, जवळ घ्यावं आणि एक चापटही द्यावी. केसांना तेल चोपडून, लुगड्याच्या काठाची रिबीन बांधून, नाक वर करून ती गाडीत बसायला जायची. कुठं जायची? एका ठेसनावरून दुसऱ्या ठेसनावर. तोरा असा की मुंबईला निघाली.

आमचं ठेसन नागपूरच्या दक्षिणेला. आता तिथं ले-आउट पडलेत, फ्लॅट झालेत, हुडकेश्वरचं गाव वाढत वाढत आमच्या अंगावर आलंय. तेव्हा नुसतं शेत होतं आणि त्यातून जाणारी छोटी लाइन, नॅरोगेजची. टिनाचं छप्पर, एक कडुनिंब, आणि घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. मागच्या ठेसनावरून गाडी सुटली की पोर्टर त्यावर ठोका मारी. तो ठोका वस्तीपर्यंत ऐकू यायचा. वस्तीत घड्याळ कोणाकडे नव्हतं. बाया त्या ठोक्यावर चूल पेटवायच्या.

ठेसनाला जागा मालगुजारांच्या आजोबांनी दिली, असं सगळे सांगतात. खरं आहे. दिली. त्या जागेवर आमची मसणवटी होती, एवढं सांगायचं राहून जातं. माझा बा लाइनीवर गँगमन होता. खडी सारताना कधीमधी हाड निघे. बा ते उचलून बाजूला पुरायचा आणि पुन्हा खडी सारायला लागायचा.

बा दीक्षा घेऊन आला होता. घरातले देव त्यानं टोपल्यात भरून नदीत सोडले होते. पण घराखालची जमीन मालगुजारांची होती. मालगुजारी कायद्यानं गेली म्हणत. कागदावरून गेली असेल. आमच्या वस्तीवरून गेली नव्हती. देव नदीत सोडता येतात, जमीन कशी सोडणार.

मालगुजारीणबाईंचं माहेर नागपुरात, महाल भागात. दर सोमवारी त्या माहेरी जात. गाडी भिवापूर, उमरेडकडून यायची आणि आमच्या ठेसनापर्यंत खच्चून भरायची. बाईंना उभं राहणं जमत नसे. कोणाला खेटून बसणं तर त्याहून जमत नसे. म्हणून त्यांनी युक्ती काढली. वस्तीतल्या एका पोरीनं सकाळी लाइनीच्या कडेकडेनं मागच्या ठेसनावर चालत जायचं, तिथून गाडीत चढायचं, एक बाक धरायचा, आणि आमचं ठेसन आलं की उठायचं.

ती पोर मी. असेन दहा-अकरा वर्षांची.

मागच्या ठेसनावर गाडीतली बरीच माणसं भाजीपाला घेऊन उतरायची. तेवढ्या गडबडीत एखादा बाक मोकळा सापडे. मी पळत जाऊन मधोमध बसायची. आणि मग चमत्कार व्हायचा. नवी माणसं चढत, डबा भरे, दारात लोक लोंबकळत, पण माझ्या बाकावर कोणी बसत नसे. माझ्या उजवीकडे जागा, डावीकडे जागा. माणसं माझ्याकडे बघत, एकमेकांकडे बघत, आणि उभी राहत.

मला वाटायचं, हा माझा मान आहे.

गाडीत जात कोणाच्या कपाळावर लिहिलेली नसते. नागपूरच्या पुढं गेलं की कोणीही कोणाजवळ बसतं, मांडीला मांडी लावून. पण या दोन ठेसनांमधले सगळे एकमेकांना ओळखत. कोण कोणाचं, कुठल्या वस्तीचं, कुठल्या विहिरीचं. मला तर सगळाच डबा ओळखायचा. मी चढले की कोणीतरी म्हणे, "आलं गा कुलूप." आणि डबा हसे. मीही हसे.

त्यांनी मला नाव ठेवलं म्हणून मला केवढा आनंद. वस्तीत येऊन मी पोरांना गोळा केलं आणि सांगितलं, "गाडीत मले अख्खा बाक देतात. नाव बी ठेवलं. कुलूप."

एका पोरीनं विचारलं, "कुलूप म्हंजे काय वं?"

आमच्या वस्तीत कुलूप लावावं असं काही कोणाच्या घरात नव्हतं, त्यामुळे प्रश्न बरोबर होता. मी छाती काढून म्हटलं, "कुलूप म्हंजे पक्की. जाग्यावरून हालत नाही ते."

मग आम्ही कडुनिंबाखाली गाडीगाडी खेळलो. सगळी पोरं प्रवासी. मी कुलूप. माझ्या शेजारी कोणी बसायचं नाही, असा मीच नियम केला. बसलं तर ढकलून द्यायची. माझी मैत्रीण रडत घरी गेली. मी एकटीच बसून राहिले, राणीसारखी, धुळीत आखलेल्या बाकावर.

एकटेपणाला मान समजणारी अशी माणसं मी पुढं खूप पाहिली. मोठमोठ्या खुर्च्यांवर पाहिली. त्यांना पाहून मला ती गाढव पोर आठवते. तिला निदान वयाची सबब होती.

मिरचीचे दिवस होते. त्या सोमवारी माझ्या बाकासमोर एक म्हातारपणाकडे झुकलेली बाई उभी होती. भिवापूरची. बाजाराला निघालेली, पायाशी मिरचीचं टोपलं. मिरचीच्या वासानं डबा शिंकत होता. टोपल्याला जपत ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती. पाय सुजलेले. मला तिची दया आली. दया काय, मोठेपणा करायची लहर आली. माझ्याकडे एवढी जागा, देऊन टाकू थोडी.

मी म्हटलं, "ये ना मावशी, बस माह्याजवळ. लय जागा आहे."

डबा माझ्याकडे बघायला लागला.

तिनं फळीवर हात टेकला. बसणारच होती. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "कोनाची व्हय वं तू?"

मी बाचं नाव सांगितलं. वस्ती सांगितली. अगदी ठणकावून, जशी शाळेत कविता म्हणतात तशी.

तिचा हात फळीवरून उचलला गेला. पटकन नाही. हळूच, ओल्या सारवणावरून उचलतात तसा.

दाराजवळच्या फेटेवाल्यानं हसत म्हटलं, "बसू नको मावशी. कुलूप आहे ते."

"कायचं कुलूप?"

"मालगुजारनीचं. या पोरीले बसवलं का त्या बाकावर कोनी बसत नाही. बाई येते, ओलं फडकं मारते, का उघडलं कुलूप."

डबा हसला. दर सोमवारसारखाच हसला. मी मात्र त्या दिवशी त्यांच्यासोबत हसले नाही.

भिवापूरवालीही हसली नाही. ती वाकून मला हळूच म्हणाली, "पोरी, तुले माहीत नोतं का वं?"

मी म्हटलं, "होतं ना. मी काय बयाड आहे?"

आमच्याकडे बयाड म्हणजे वेडी. मी वेडी नाही, हे सांगायला मी खोटं बोलले. आजही ते खोटं मला त्या हसण्याहून जास्त लागतं.

आमचं ठेसन आलं. मी उठले. धोंडबा तांब्या घेऊन चढला. त्या दिवशी मी पहिल्यांदा फडकं पाहिलं. आधीही पाहत होते, पण लाकूड पाहत होते. आता फडकं पाहिलं. फाटक्या धोतराचं होतं, पिवळं पडलेलं. ते माझ्या बसल्या जागेवरून फिरलं, आणि मला ते माझ्या अंगावरून फिरल्यासारखं वाटलं. मी खाली उतरले. गाडी गेली. फलाटावर मी, कडुनिंब आणि रुळाचा तुकडा. उन्हानं रूळ चकाकत होते. मला कुठं जावं कळेना. घर समोर दिसत होतं, तरी कळेना.

माय भाकरी थापत होती. मी दारातून विचारलं, "माय, मी कुलूप आहो का?"

तिचा हात थांबला. "तुले कोनं सांगतलं?"

"सगळ्यायले माहीत आहे. तुले होतं का?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. पाण्याचा हात फिरवला. भाकरी उलटली. मी उभीच.

मग ती म्हणाली, "तू इतकी खुश होऊन जात होती वं. तुही खुशी काहून मोडू म्या?"

मला वाटलं होतं, माय रागावेल, रडेल, मालगुजारणीला शिव्या देईल. तिनं यातलं काही केलं नाही. ती झगा धूत होती, इतके सोमवार, हे माहीत असून. तिला तिच्या लेकीचा हसरा चेहरा हवा होता, तो कशानंही आलेला असो. मी तिच्यावर कित्येक वर्षं रागावून होते. मला लेक झाली तेव्हा राग गेला. त्या भाकरीची आठवण गेली नाही.

तो आठवडा मी कोणाशी खेळले नाही. पोरं बोलवायला आली, "चाल वं कुलूप." मी घरात भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांना मीच तर नाव शिकवलं होतं.

सोमवारी माय म्हणाली, "नको जाऊ. पोट दुखते म्हून सांगतो म्या."

मी म्हटलं, "जाते."

तिला वाटलं, पोर समजूतदार झाली. मी तेल लावलं नाही. रिबीन बांधली नाही. लाइनीच्या कडेनं चालत गेले. डोक्यात काही बेत होता का? लोक विचारतात. बेत वगैरे नव्हता. एक गोष्ट फक्त आठवडाभर डोक्यात घोळत होती. मी बसले तो बाक बंद होतो. मग मी एकाच बाकावर का बसते?

गाडीत चढले. "आलं गा कुलूप." मी गुपचूप माझ्या बाकावर बसले. भिवापूरवाली त्याही सोमवारी होती, टोपलं पायाशी, उभी. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं.

आमचं ठेसन आलं. बाई फलाटावर उभ्या. धोंडबा तांब्या घेऊन चढला. मी उठले. एरवी मी दाराकडे जायची. त्या दिवशी डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथून सुरुवात केली.

पहिल्या बाकाला हात लावला. चांगला पंजा पसरून. बसलेली माणसं दचकून उठली. पुढचा बाक. त्याची पाठ. खिडकीचे गज. वरची फळी हाताला येईना, तर बाकावर चढून लावला. एक म्हातारा ओरडला, "अवं पोरी, अंग लागलं ना." मी म्हटलं, "कुलूप लावून राहिली आजा." कोणी धोतर वर उचललं, कोणी पोर उचललं. फेटेवाला दारात होता. त्याच्या हाताखालची दांडी राहिली होती, ती मी हात घालून धरली. तो असा सरकला की खाली पडता पडता वाचला. हे आठवलं की मला अजूनही गुदगुल्या होतात. पाप लागत असेल तर लागो.

डब्यातली सगळी माणसं उभी. सगळे बाक रिकामे. एवढी मोकळी गाडी त्या लाइनीवर कोणी पाहिली नसेल.

धोंडबा मधोमध उभा होता, हातात गळतं फडकं. त्यानं या बाकाकडे पाहिलं, त्या बाकाकडे पाहिलं. मग खिडकीतून फलाटावर बघून म्हणाला, "बाईसायब, किती पुसू?"

गार्डानं शिट्टी दिली. बाईंना माहेरी जायचं होतं. त्या चढल्या.

मी दुसऱ्या दारानं खाली उडी मारली आणि खिडकीतून पाहत राहिले. गाडी हळूहळू हलली, मी खिडकीशेजारून चालत राहिले. डबा हिंदकळला. सगळे उभ्यानं एकमेकांवर आदळले. तेव्हा भिवापूरवाली खाली बसली. बाकावर, चांगली ऐसपैस. म्हणाली, "पाय दुखून राहिले गा. विटाळाचं घरी जाऊन पाहीन." मग तिच्याजवळ एकजण बसला. मग तो म्हातारा. मग सगळे. मालगुजारीणबाई तेवढ्या उभ्या राहिल्या. त्यांना जागा कोणी दिली नाही असं नाही. द्यायला पुसलेली जागाच कोणाकडे नव्हती.

जाताना त्या खिडकीतून मला म्हणाल्या, "बापाले सांग, घर उचल म्हनाव."

हा विजय होता असं कोणी म्हटलं की मी कपाळाला हात लावते. ऐका पुढं.

लोक बसले, हे खरं. माझ्या स्पर्शाच्या फळीवर बसले. पण मी त्या फळीवर असताना त्यांतलं कोणी माझ्याजवळ बसलं नव्हतं. भिवापूरवालीसुद्धा नाही. ती बसली, मी उतरल्यावर.

बा संध्याकाळी लाइनीवरून आला. निरोप त्याला वाटेतच मिळाला होता. मला वाटलं, आता मार. तो खाली बसला. पाणी प्यायला. मग विचारलं, "सगळ्या बाकायले हात लावला?"

"हो."

"गजायले बी?"

"हो बा."

बा शाबास म्हणाला नाही, रागावलाही नाही. जेवला. सकाळी उठून घराचे बल्ले, वासे काढायला लागला. माय रडत रडत मडकी बाहेर ठेवत होती. लाइनीच्या पलीकडे, सिग्नलच्या मागं थोडी पडीत जागा होती, तिथं आम्ही झोपडं उभं केलं. त्या बाजूला तेव्हा कोणीच राहत नव्हतं. विंचू आणि आम्ही.

मालगुजारांनी वस्तीतल्या बायांना शेतातलं निंदण-खुरपणीचं काम बंद केलं. वस्तीतल्या बाया मायशी बोलेनाशा झाल्या. "तुह्या पोरीनं आमच्या पोटावर पाय देल्ला," असं एकीनं तोंडावर म्हटलं. तेही खरं होतं. माझ्या मैत्रिणी लाइनीच्या अलीकडे खेळायच्या, मी पलीकडे. मध्ये रूळ. मी फलाटावर जाऊन बसायची. पोर्टर ठोका मारायचा, गाडी यायची, जायची. ठेसन हीच माझी मैत्रीण झाली. ती बोलत नसे, पण जवळ बसू द्यायची.

मी शिकले. प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले. जन्मभर पोरांना शब्दांचे अर्थ शिकवले. सिग्नलच्या मागं आमच्यापाठोपाठ दुसरं घर आलं, तिसरं आलं, आता ती स्टेशन वस्ती. मालगुजारीणबाई गेल्या. धोंडबा गेला. माझे यजमान गेले. मुलगा पुण्यात. लेक तिच्या घरी. काही वर्षांपूर्वी छोटी लाइन बंद झाली आणि रूळ उपटून ट्रकमध्ये भरले, त्या दिवशी मी ओट्यावर बसून शेजारीण गेल्यासारखी रडले. बघायला कोणी नव्हतं, म्हणून नीट रडता आलं.

आता मोठी लाइन आली. नवी इमारत झाली. आणि ले-आउटमधल्या लोकांनी ठरवलं की ठेसनाचा इतिहास भिंतीवर लावायचा. त्यांतले दोघं माझ्याकडे आले. एक निवृत्त प्राध्यापक. दुसरा मालगुजारांचा नातू, पांढराशुभ्र शर्ट, बोलायला गोड. फलाटावर तो त्याच्या आजीच्या, म्हणजे मालगुजारीणबाईंच्या नावानं दगडी बाक देणार आहे.

"आजी, तुम्ही इथल्या सगळ्यांत जुन्या," तो म्हणाला. "म्हटलं, तुम्हालाच पुसावं."

मला बरं वाटलं. म्हातारपणी कोणी पुसायला येणं सोपं नाही. चहा केला. सांगायला लागले, की मी तुझ्या आजीसाठी गाडीत जागा धरायची, दर सोमवारी. प्राध्यापक खुश झाले. "वा, काय सुंदर आठवण." एवढ्यात नातवाचा फोन वाजला आणि दोघं उठले. कुलपापर्यंत गोष्ट आलीच नाही.

परवा पुन्हा आले, मजकूर घेऊन. प्राध्यापकांनी वाचून दाखवला. "मालगुजारीणबाईंना वस्तीतल्या मुलींचा विशेष लळा होता. अशाच एका मुलीला त्या दर सोमवारी आगगाडीची सफर घडवीत." आणि म्हणाले, उद्घाटनाला मी त्या दगडी बाकावर बसायचं. फोटो काढायचा. ती मुलगी आज आजी झाली, असं खाली लिहायचं.

मी उरलेली गोष्ट सांगितली. सगळी. फडकं, गज, धोंडबा.

नातू खाली बघत होता. प्राध्यापक म्हणाले, "आजी, झालं ते झालं. आता कोण मानतं हो हे?"

माझी नात डॉक्टर आहे. मागच्या वर्षी यांच्याच ले-आउटमध्ये भाड्यानं खोल्या बघायला गेली. घरमालकिणीनं चहा दिला, पंखा लावला, पूर्ण नाव विचारलं. नाव सांगून झालं आणि त्या बाईचा भाऊ सहकुटुंब राहायला येणार असल्याचं निघालं. ती जागा अजून रिकामी आहे. मी रोज त्या बाजूनं फिरायला जाते, बघते. नुसतं नाव सांगितलं पोरीनं, तर कुलूप लागलं.

हेही मी त्यांना सांगितलं.

नातू म्हणाला, "पण आजी, भिंतीवर असं कसं लिहायचं? लोकांना आवडेल का?"

"नाही आवडणार," मी म्हटलं. "मलेबी आवडलं नोतं."

ते मजकूर टेबलावर ठेवून गेले. विचार करा म्हणाले. मी विचार केला. मास्तरीण आहे, शब्दावर अडले. पुसणे. मराठीत त्याचे दोन अर्थ होतात. विचारणे, हा एक. दुसरा धोंडबाला माहीत होता. ही माणसं माझ्याकडे पहिल्या अर्थानं आली आणि दुसरा करून गेली. फडकं बदललं आहे. आता ते 'सुंदर आठवण' या शब्दांनी विणतात.

म्हणून हे मी माझ्या हातानं लिहिलं. मालगुजारांच्या नातवाला निरोप धाडला आहे. भिंतीवर कुलूप हा शब्द आला तर मी फोटोला येईन. नाही आला तरी येईन. पहिली गाडी येईल त्या दिवशी त्या दगडी बाकाच्या मधोमध बसेन, दोन्ही बाजूंना जागा ठेवून. जो शेजारी बसेल त्याला सांगेन की हा बाक कोणाच्या नावाचा आहे आणि ती बाई नागपूरपर्यंत उभी का गेली. जो बसणार नाही त्याला हाक मारून सांगेन. दुसऱ्या दिवशी पुन्हा येईन. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मला आता घरी दुसरं काम नाही, वाट बघणारंही कोणी नाही. एवढी मोकळी मी आयुष्यात कधी नव्हते.

लहानपणी माझं ठेसन आलं की मी उठायची. आता हेच माझं ठेसन आहे आणि मी उठत नाही. फडकं घेऊन या. बाक पुसा, भिंत पुसा, मला पुसा. फक्त धोंडबानं विचारलं होतं ते आधी एकमेकांना विचारून घ्या. किती पुसाल?